सोयाबीनचे कल्चर हरभऱ्याला का चालले नाही?

मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न असा. खरिपात सोयाबीनसाठी आणलेली रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूच्या कल्चरची, चार पाकिटे उरली होती, ती त्यांनी रब्बीत हरभऱ्याच्या बियाण्याला चोळली. दीड महिन्याने रोपे काढून पाहिली तर गाठी तुरळक, आणि ज्या होत्या त्याही आतून पांढरट. त्याच रानात पावसाळ्यात सोयाबीनच्या मुळांना गाठींचे घोस लागले होते. ते लिहितात, "दोन्ही पाकिटांवर रायझोबियमच छापलेले असते. मग एकाचे दुसऱ्याला का चालत नाही? रायझोबियम हा एक जिवाणू की अनेक? अनेक असतील तर ते सगळे एकाच मूळपुरुषाचे वंशज का? आणि आपण रानात सोडलेल्या कल्चरचे पुढे काय होते?"

मी तीस वर्षे जिवाणू खतांच्या प्रयोगशाळेत काम केले. शेतकरी बहुतेक वेळा पाकिटाची किंमत आणि मुदत विचारतात. वंशावळ विचारणारे फार थोडे भेटले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. सोयाबीनच्या पाकिटात ब्रॅडीरायझोबियम असतो, हरभऱ्याला लागतो मेसोरायझोबियम. हरभरा या बाबतीत फार चोखंदळ आहे, परक्या जिवाणूला तो दारात उभा करत नाही. तुम्हाला दिसलेल्या तुरळक गाठी पाकिटातल्या जिवाणूच्या नव्हेतच. तुमच्या रानात आधीपासून वस्तीला असलेल्या मेसोरायझोबियमने त्या केल्या. शिवाय जूनमध्ये आणलेली पाकिटे पत्र्याच्या खोलीत नोव्हेंबरपर्यंत पडून होती असे तुम्हीच लिहिले आहे. त्या उष्म्यात आतले बरेचसे जिवाणू मेलेले असणार.

पण "दोन्हींवर रायझोबियमच छापलेले असते" या तुमच्या वाक्यात खरी मेख आहे. तिथपर्यंत जायचे तर आधी गाठ हातात घेऊ.

रोप उपटू नका. उपटले की गाठी तुटून मातीतच राहतात आणि माणूस म्हणतो, गाठी नाहीत. खुरप्याने वीतभर खोल ढेकूळ काढा, बादलीत अर्धा तास भिजू द्या, माती आपोआप सुटेल. सोयाबीनची गाठ गोल, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी. हरभऱ्याची लांबट, पुढे फाटे फुटलेली, पोवळ्याच्या तुकड्यासारखी. नखाने चिरली की आत गुलाबी ते लालभडक रंग दिसला पाहिजे. रानात जायचे नसेल तर बाजारातून मुळांसकट मेथीची जुडी आणा आणि मुळे अलगद धुऊन पाहा. पांढऱ्या मुळांवर बारीक लांबट गाठी सापडतात. मी विद्यार्थ्यांना पहिला धडा मेथीवरच देत असे.

तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. गाठीत त्याचे काम नाजूक आहे. हवेतला नत्र फोडणारे विकर, म्हणजे नायट्रोजिनेज, प्राणवायू लागला की बिघडते. जिवाणूला मात्र श्वास घ्यायला प्राणवायू हवाच, कारण नत्राचा एक रेणू फोडून अमोनिया करायला त्याला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या इंधनाचे, किमान १६ रेणू खर्चावे लागतात. लेगहिमोग्लोबिन प्राणवायू धरून ठेवते आणि जिवाणूला पुरेल तेवढाच मोजून देते. गाठ आतून पांढरी असेल तर हा कारभार सुरूच झालेला नाही. हिरवट-तपकिरी असेल तर तो संपला आहे.

गाठीच्या आत जिवाणूचे काय होते, हेही प्रत्येक पिकात वेगळे. सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू फारसा बदलत नाही, गाठ कुजली की बाहेर पडून मातीत पुन्हा वाढू शकतो. मेथी, लसूणघास, वाटाणा यांच्या घराण्यात झाड जिवाणूवर छोट्या प्रथिनांचा मारा करते. तो कितीतरी पट फुगतो, त्याचा आकार वेडावाकडा होतो, आणि नंतर त्याला विभागता येत नाही. तो फक्त नत्र बांधतो आणि गाठीबरोबर संपतो. त्याचा वंश पुढे चालवतात ते त्याच गाठीत मागे राहिलेले, न बदललेले भाऊबंद.

आता नावाकडे. १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल यांनी दाखवले की कडधान्यांना हवेतला नत्र मिळतो तो गाठींमुळे. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायजेरिंक यांनी गाठीतून जिवाणू वेगळा करून वाढवला. पुढच्याच वर्षी फ्रांक यांनी त्याला रायझोबियम हे नाव दिले, अर्थ साधा: मुळात राहणारा. म्हणजे नाव पडले ते राहण्याच्या जागेवरून. चाळीत राहतात म्हणून सगळे एका आडनावाचे, असे म्हणण्यासारखे ते झाले.

पुढे कोणता जिवाणू कोणत्या पिकावर गाठ करतो ते पाहून गट पाडले. १९३२ साली अमेरिकेत फ्रेड, बाल्डविन आणि मॅक्‌कॉय यांनी ही गटवारी नीट मांडली, आणि आजही आपल्या पाकिटांवर तीच चालते: हरभरा गट, वाटाणा-मसूर गट, घेवडा गट, सोयाबीन गट, लसूणघास-मेथी गट, आणि ज्यात तूर, मूग, उडीद, मटकी, चवळी, भुईमूग, ताग असे सगळे गोळा केले तो चवळी गट. वापरायला ही वाटणी सोयीची आहे आणि शेतकऱ्यासाठी मी आजही तीच सांगेन. वंशावळ म्हणून मात्र तिला अर्थ नाही.

मला हे पुस्तकात वाचून पटले नव्हते, बशीत पाहून पटले. यीस्टचा अर्क आणि मॅनिटॉल घातलेल्या अगारवर आम्ही जिवाणू वाढवायचो, त्यात निळा-पिवळा रंग बदलणारे एक द्रव्य घालायचो. मेथीच्या गाठीतला जिवाणू तिसऱ्या दिवशी डिंकासारख्या ओघळत्या वसाहती करायचा आणि बशी पिवळी पडायची, कारण तो आम्ल सोडतो. सोयाबीनच्या किंवा चवळीच्या गाठीतल्या जिवाणूची वाट आठवडाभर पाहावी लागे. टाचणीच्या डोक्याएवढे घट्ट ठिपके यायचे आणि बशी निळी व्हायची, म्हणजे अल्क. वेग वेगळा, रसायन वेगळे, आणि लेबलवर नाव एकच. १९८२ साली जॉर्डन यांनी या संथ मंडळींना वेगळे काढून ब्रॅडीरायझोबियम ही स्वतंत्र प्रजाती केली. ब्रॅडी म्हणजे संथच. त्यानंतर डीएनए वाचण्याचे तंत्र हाती आले आणि एका नावाखालून घराणी बाहेर पडू लागली. शेवरीच्या आफ्रिकेतल्या एका बहिणीच्या खोडावर गाठी करणारा अझोरायझोबियम. लसूणघास आणि मेथीचा सायनोरायझोबियम, ज्याला एन्सिफर असेही म्हणतात. वेग आणि वंश दोन्हींत मध्ये बसणारा मेसोरायझोबियम, त्यातली हरभऱ्याची मेसोरायझोबियम सायसेरी ही जाती १९९४ ची. भारतातल्या पाण्यावर तरंगणाऱ्या नेपच्युनिया या लाजाळूच्या नातलगाच्या गाठीत तर डेव्होसिया नावाचा असा जिवाणू मिळाला, की या यादीत त्याची कुणी अपेक्षाच केली नव्हती.

नातेवाइकांची यादीही विचार करायला लावते. झाडाच्या बुंध्याशी ट्यूमर करणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा रायझोबियमचा अगदी जवळचा भाऊ. गाई-म्हशींचा गर्भपात घडवणारा ब्रुसेला त्याच गणातला, थोडा लांबचा. जनावराच्या पेशीत शिरून तग धरणे आणि मुळाच्या पेशीत शिरून नत्र बांधणे यांत शिरण्याची कला सारखीच आहे.

२००१ साली खरा धक्का बसला. तोवर समज होता की निदान ही सगळी घराणी अल्फा या एका मोठ्या शाखेतली तरी आहेत. त्या वर्षी लाजाळू आणि इतर काही शेंगावर्गीय वनस्पतींच्या गाठींत बीटा शाखेचे जिवाणू सापडल्याचे जाहीर झाले: तैवानमधला क्युप्रियाव्हिडस, आणि बर्कहोल्डेरियाच्या गोतातले, ज्यांना आज पॅराबर्कहोल्डेरिया म्हणतात. या दोन शाखांतले अंतर इतके जुने आहे की तिथे "चुलत" हा शब्दसुद्धा लागू होत नाही.

लाजाळूची गोष्ट मला फार आवडते, कारण ती आपल्या बांधावरची आहे. आपण पावसाळ्यात बोट लावून मिटवतो ती लाजाळू मूळची अमेरिकेची. भारतात मायमोसाच्या, म्हणजे लाजाळूच्याच प्रजातीच्या, अस्सल देशी जातीही आहेत, राजस्थानच्या कोरड्या रानात त्या वाढतात. दोघींच्या गाठींतले जिवाणू भारतीय संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर तपासले आणि २०१३ मध्ये निकाल छापला. देशी मायमोसांच्या गाठींत एन्सिफर, अल्फा शाखेचा. परदेशी लाजाळूच्या गाठींत मुख्यतः बीटा शाखेचा क्युप्रियाव्हिडस, तोच जो तिच्याबरोबर अमेरिकेत आणि तैवानात आढळतो. माहेरचा जिवाणू घेऊनच ती इथे नांदते आहे. सख्ख्या नात्यातल्या दोन वनस्पती, एकच देश, आणि आतले पाहुणे दोन वेगळ्या शाखांचे.

मग सगळे एकाच मूळपुरुषाचे वंशज का? इथे काळाचा हिशेब मांडावा लागतो. ब्रॅडीरायझोबियम आणि बाकीची जलद वाढणारी घराणी यांची वाट ५० कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी फुटली असावी असा जनुकांवरून काढलेला अंदाज आहे. शेंगावर्गीय वनस्पतींचे कुळ मात्र जेमतेम ६ ते ६.५ कोटी वर्षांचे. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्हारसातून थिजला, तो काळही साधारण तोच. म्हणजे तुमची काळी माती ज्या खडकाची झाली तो खडक आणि हरभऱ्याचे कूळ हे जवळजवळ एका वयाचे, आणि जिवाणूंची घराणी त्याआधी कित्येक कोटी वर्षे वेगळी झालेली. ज्या काळी शेंगेचे झाडच नव्हते, त्या काळच्या पूर्वजाला शेंगेच्या मुळात गाठ करण्याची विद्या कुठून असणार? ती त्याने वारशाने मुलांना दिली असे म्हणताच येत नाही.

ती विद्या हातोहात गेली. एकाकडून दुसऱ्याकडे, घराण्याच्या भिंती ओलांडून.

गाठीची विद्या म्हणजे मुख्यतः दोन गठ्ठे. एक नॉड जनुकांचा: झाडाला ओळख पटवणारा रेणू बनवण्यासाठी. दुसरा निफ जनुकांचा: नत्र बांधण्यासाठी. निफची विद्या प्रचंड जुनी, २०० कोटी वर्षांहून जास्त, हवेत प्राणवायू जेमतेम असतानाची. म्हणून तर ते विकर आजही प्राणवायू सहन करत नाही. नॉडची विद्या त्या मानाने कालची. हे दोन्ही गठ्ठे बहुतेक घराण्यांत मुख्य गुणसूत्राच्या बाहेर एखाद्या प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, असतात, किंवा गुणसूत्रातच एका सुट्या बेटासारखे बसलेले असतात. दोन्ही प्रकारांत ते उचलून नेता येतात.

१९७८ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी वाटाण्याच्या जिवाणूतले असे एक प्लास्मिड दुसऱ्या पिकांच्या जिवाणूंत घातले आणि ते वाटाण्यावर गाठी करू लागले. हे प्रयोगशाळेतले झाले. उघड्या रानातला पुरावा न्यूझीलंडमधून आला, आणि माझ्या मते या विषयातले ते सर्वांत देखणे काम आहे. तिथल्या ओटागो भागात कुरणासाठी लोटस नावाचा चारा पेरला. त्याला चालणारा जिवाणू त्या मातीत नव्हता, म्हणून बियाण्याला मेसोरायझोबियमचा एकच वाण लावला. सात वर्षांनी त्याच कुरणातल्या गाठी फोडल्या. अपेक्षा अशी की सगळीकडे तोच वाण मिळेल. मिळाले ते भलतेच: गाठींतले बरेच जिवाणू गुणसूत्राने स्थानिक मातीतले होते, पण त्यांच्या आत गाठीची जनुके होती ती पाकिटातल्या वाणाची, हुबेहूब. सुलिव्हन आणि रॉन्सन यांनी हे १९९५ मध्ये छापले. पुढे कळले की सुमारे ५ लाख अक्षरांचा एक अखंड तुकडा पाकिटातल्या जिवाणूतून निघतो, मातीतल्या दुसऱ्या मेसोरायझोबियममध्ये शिरतो आणि दर वेळी गुणसूत्रावरच्या एकाच ठरलेल्या जागी जाऊन बसतो. जो जिवाणू कालपर्यंत मातीत कुजका पालापाचोळा खाऊन जगत होता, तो आज झाडाच्या मुळात नत्र बांधू लागतो.

तुमच्या चौथ्या प्रश्नाचे, सोडलेल्या कल्चरचे पुढे काय होते याचे, एक उत्तर हेच. वाण टिकेल किंवा मरेल, त्याची जनुके स्थानिकांच्या घरात राहू शकतात.

उलट दिशेची गोष्ट मी स्वतः भोगली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडचा घेवड्याचा एक चांगला वाण अचानक गाठी करेना. वसाहती तशाच, डिंक तसाच, रंगाची चाचणी तशीच. आम्ही बाटल्यांतली वाळू बदलली, पाणी बदलले, बियाणे बदलले. दोन महिने गेले आणि एक अख्खा हंगाम हुकला. शेवटी उमगले की वर्षानुवर्षे एका नळीतून दुसऱ्या नळीत उतरवताना त्याने गाठीचे प्लास्मिडच टाकून दिले होते. नळीत आयते मिळत असताना ते ओझे वाहायचे कशाला? जिवाणू तोच होता, विद्या गेली होती. तेव्हापासून मूळ वाण दर दोन वर्षांनी झाडावर चढवून, गाठीतून पुन्हा वेगळा करून घेतल्याशिवाय मी एकही पाकीट भरू दिले नाही.

विद्या अशी फिरती आहे म्हटल्यावर कुणालाही प्लास्मिड दिले की झाले, असे वाटेल. तसे नाही. फ्रान्समधल्या एका गटाने लाजाळूच्या क्युप्रियाव्हिडसचे प्लास्मिड राल्स्टोनियात घातले. राल्स्टोनिया म्हणजे टोमॅटो-वांग्याला मर आणणारा जिवाणू. गाठी आल्या नाहीत. मग त्यांनी ते जिवाणू लाजाळूच्या असंख्य रोपांवर सोडले आणि वाट पाहिली. अगदी थोड्या रोपांवर गाठी आल्या. त्यांतले जिवाणू तपासले तर प्रत्येकात झाडावर हल्ला करण्याचे हत्यार किंवा त्याची कळ मोडलेली होती. २०१० सालचे हे काम. हत्यार टाकल्यावरच झाडाने आत घेतले, आणि तरीही त्या गाठींत नत्र बांधला गेला नाही. म्हणून हे देणेघेणे जवळच्या नातलगांत सहज जमते, दूरच्यांत क्वचित.

हरभऱ्यातही हेच दिसते. भारतासह अनेक देशांतल्या हरभऱ्याच्या गाठींतल्या हजारावर जिवाणूंचे जनुकसंच २०१९ मध्ये तुलनेला घेतले गेले. मेसोरायझोबियमच्या एकमेकींपासून दूरच्या जाती निघाल्या, पण हरभऱ्याशी बोलण्याची जनुके त्यांत वाटून घेतलेली होती. अंगे निरनिराळी, किल्ली एक.

किल्ली म्हणजे नेमके काय, ते सांगते, कारण तुमच्या पाकिटाचा प्रश्न तिथेच सुटतो. मुळे मातीत फ्लॅव्होनॉइड जातीची द्रव्ये सोडतात. सोयाबीनची मुख्य द्रव्ये जेनिस्टीन आणि डेडझीन, लसूणघासचे ल्युटिओलिन. योग्य जिवाणूला ते उमगते, त्याची नॉड जनुके जागी होतात आणि तो उत्तरादाखल एक रेणू सोडतो. खेकड्याचे कवच किंवा बुरशीची भित्तिका ज्या कायटिनची असते, त्याचे चार-पाच मणी आणि त्याला चिकटलेली मेदाम्लाची शेपटी, असे त्याचे रूप. या रेणूची रचना १९९० मध्ये उलगडली. मण्यांवर कुठे काय टांगले आहे यावर झाड ओळखते की हा आपला की परका. अत्यल्प प्रमाणातही हा रेणू पुरतो. मूलरोम काठीच्या मुठीसारखा वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आत बोगदा तयार होतो. भुईमुगात तर बोगदाही नाही, उपमूळ फुटताना पडलेल्या चिरेतून जिवाणू आत जातो. तुमच्या ब्रॅडीरायझोबियमला हरभऱ्याची हाकच कळली नाही. कळली असती तरी त्याचे उत्तर हरभऱ्याच्या भाषेतले नव्हते.

काही जिवाणूंकडे मात्र किल्ल्यांचा जुडगाच असतो. पापुआ न्यू गिनीत वालाच्या गाठीतून मिळालेला एक वाण शंभराहून अधिक प्रजातींच्या वनस्पतींवर गाठी करतो. गाठ केली म्हणजे तिथे भरपूर नत्र बांधला असे नव्हे, हे इथेच सांगून ठेवते. आणि शोलाच्या, म्हणजे ज्याच्या हलक्या भेंडापासून जुन्या काळी टोप्या करत त्या पाणथळ झुडपाच्या, नातलगांच्या गाठींतल्या काही ब्रॅडीरायझोबियमांकडे नॉड जनुकेच नाहीत, तरी गाठी होतात. २००७ मध्ये हे कळले तेव्हा आम्ही सगळेच चकित झालो होतो.

झाडाच्या बाजूची कथा याहून जुनी आहे. कायटिनच्या मण्यांना प्रतिसाद देण्याची सोय झाडाने जिवाणूसाठी केलेली नाही. चाळीस कोटी वर्षांपासून मुळांना स्फुरद पुरवणारी मायकोरायझा बुरशी जवळजवळ तसेच रेणू वापरते. त्या जुन्या दाराचाच उपयोग जिवाणूंनी केला. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या वनस्पतिसमूहात गाठी करण्याची प्रवृत्ती आली. शेंगावर्गाबरोबर त्यातच आपल्या कोकणातल्या किनाऱ्यावरचा सुरू येतो. त्याच्या मुळांवर गाठींचे गड्डे असतात, पण आतला पाहुणा फ्रँकिया हा जिवाणू, रायझोबियमशी काही नाते नसलेला. ही प्रवृत्ती एकदाच उगवून पुष्कळांनी गमावली, की निरनिराळ्या फांद्यांवर पुन्हा पुन्हा उगवली, यावर अजून वाद आहे. २०१८ मध्ये अनेक वनस्पतींचे जनुकसंच पाहिल्यावर गाठीसाठी लागणारे एक कळीचे जनुक कितीतरी ठिकाणी मोडून पडलेले दिसले, आणि माझा कल तेव्हापासून "गमावली" याकडे आहे.

आपल्याकडेच पाहा. शेंग धरते म्हणून प्रत्येक झाड नत्र बांधते असे पुष्कळ लोक सांगतात. ते खरे नाही. चिंच, आपटा, बहावा, गुलमोहर, टाकळा, तरवड: सगळे शेंगवाले, गाठी कुणालाच नाहीत. बाभूळ, शिरीष, करंज, पांगारा, गिरिपुष्प, ताग यांना आहेत. बांधावर नत्रासाठी झाड लावायचे असेल तर ही निवड करताना शेंग पाहू नका.

आता तुमच्या पांढरट गाठींकडे पुन्हा. मातीतले सगळेच जिवाणू प्रामाणिक नसतात. काहींना आत शिरता येते, पण नत्र बांधत नाहीत किंवा नावापुरता बांधतात, आणि झाडाची साखर खातात. ऑस्ट्रेलियात बिसेरूला नावाच्या चाऱ्याबरोबर चांगला वाण सोडला होता. सहा वर्षांच्या आत त्याचे बेट स्थानिक जिवाणूंत गेले, आणि या नव्या धन्यांपैकी काही अगदीच कुचकामी निघाले. गाठी करायचे, नत्र जवळजवळ शून्य. फिरत्या विद्येचा हा तोटा.

झाड हे निमूट सोसत नाही. २००३ मध्ये सोयाबीनच्या काही गाठींभोवती नत्र नसलेली हवा ठेवली, म्हणजे आतला जिवाणू इच्छा असूनही नत्र देऊ शकणार नाही. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू आवळला आणि तिथले जिवाणू शेजारच्या चालू गाठींच्या मानाने निम्म्याच्या आसपासच वाढले. कोट्यवधी वर्षे सहकार्य टिकले आहे ते या जमाखर्चामुळे.

पण झाड गाठ झाल्यावर हिशेब करते, दारात नव्हे. किल्ली जुळणाऱ्यांपैकी दारात जो आधी पोचेल तो आत. म्हणून पाकिटातल्या वाणाची खरी लढाई रानातल्या वस्तीशी असते, आणि ती वस्ती संख्येने फार मोठी असते. अमेरिकेच्या सोयाबीन पट्ट्यात मातीत रुळलेला एक गट पाकिटातल्या वाणांना वर्षानुवर्षे गाठीत शिरूच देत नाही. आपल्या सोयाबीनचेही असेच. १९९० च्या आसपास विदर्भात सोयाबीन पहिल्यांदा पडलेल्या रानांत मी कल्चर न लावलेल्या पट्ट्यांत एकही गाठ नसलेली, पिवळी पडलेली रोपे काढली आहेत. आज त्याच भागांत न लावताही गाठी भरपूर येतात. भारतातल्या निरनिराळ्या हवामानपट्ट्यांतल्या सोयाबीनच्या गाठी २००८ च्या एका अभ्यासात तपासल्या, तेव्हा त्यांत सर्वाधिक निघाला ब्रॅडीरायझोबियम युआनमिंगेन्स. परदेशी पाकिटांतली नेहमीची जाती तो नव्हे.

तेव्हा सोयाबीनच्या जुन्या रानात कल्चरचा फरक कमी दिसला तर नवल मानू नका. हरभऱ्यात, विशेषतः ज्या रानात बरीच वर्षे हरभरा पडला नाही तिथे, तो चांगला दिसतो. येत्या रब्बीत हरभऱ्याचेच ताजे पाकीट घ्या, मुदत पाहून. कायद्याने त्यात एका ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, कीटकनाशक त्यानंतर आणि जिवाणू सर्वांत शेवटी. तांबे किंवा पारा असलेले औषध मात्र नको, ते जिवाणूला मारते. बियाणे सावलीत सुकवा, उन्हात नाही, आणि त्याच दिवशी पेरा. युरियाचा हात आवरा. मातीत आयता नत्र सापडला की झाड दारच उघडत नाही.

आणि चार ओळी कल्चर न लावता पेरा, खूण म्हणून काठी रोवून ठेवा. पेरायला आधी त्या ओळी घ्या, नाहीतर पाभरीतून, हातातून जिवाणू तिकडेही जातो. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दोन्हीकडची दहा-दहा रोपे खणून काढा, गाठी मोजा, चिरून रंग पाहा. सोटमुळाच्या वरच्या भागात, खोडाजवळ मोठ्या लाल गाठींचा झुबका असेल तर तो बहुधा बियाण्याबरोबर गेलेल्या जिवाणूचा. खाली उपमुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या रानातल्या वस्तीच्या. दोन्हीकडे कोणता रंग दिसला ते मला जरूर लिहा.